कौन्सिलातला रुसवा

पुणे, श्रावण, सन १९२७

राजमान्य राजेश्री चिमाजीराव दाजी, मुक्काम वरवे बुद्रुक, यांस तुमचा मेहुणा सावळाराम याचा कौन्सिलाच्या गावाहून रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? आक्काने एरंडाचा पाला बांधायला सांगितला होता, तो तुम्ही बांधला नसणार, हे मी इथे बसून सांगतो. आक्काची तब्येत, बैलांची तब्येत आणि तुमचा राग ही तिन्ही ठिकाणावर असावीत अशी आशा आहे. आमच्या घरचे वेल्ह्याकडून वर्तमान आले. लावणी उरकली, ठकुबाई खुशाल आहे, आणि नवरा कौन्सिलात गेल्यापासून घरात बोलायला जागा झाली असे ती शेजारणीला सांगत असते. मी खुशाल आहे. नाक तेवढे वाहते आहे, त्याचे कारण पुढे येईल.

तुम्ही मागल्या भेटीत विचारले होते, कौन्सिलात तुम्ही लोक करता काय? दाजी, मुख्यतः बसतो. वाद इंग्रजीत चालतो. माझी खुर्ची केशवराव वकिलांच्या शेजारी आहे. (हे आपल्या भोरचे. आता पुण्यात वकिली करतात आणि इथूनच निवडून आले आहेत. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आणि माझे अंथरूण त्यांच्या माडीवर, तेव्हा दिवसा आणि रात्री मी त्यांच्याच उपकारात असतो.) कोणी तासभर बोलले की ते माझ्या कानात चार शब्दांत मराठी सांगतात. इतके इंग्रजी जाते कुठे, हे मला अजून कळलेले नाही. सक्तीच्या शिक्षणावर दोन दिवस बोलणे झाले. माझे मत असे, की सक्ती जरूर करावी, पण आधी मास्तरावर करावी. आमच्याकडचा मास्तर पाऊस लागला की जातो तो नवरात्रात उगवतो. दारूबंदीवरही बोलणे झाले. त्या बाजूने सगळ्यात जोरात बोलणारे गृहस्थ मागल्या दाराने कुठे जातात ते पट्टेवाल्याला ठाऊक आहे, म्हणून मी गप्प राहिलो. सडकांवर बोलणे निघाले तेव्हा मात्र मी उभा राहून म्हणालो, नसरापूरच्या पुढे वेल्ह्याकडे सडक नाही. त्यावर सरकारी बाजूने उत्तर आले, की नकाशात आहे. मी म्हटले, मग आमी नकाशावरून चालतो. यावर हशा झाला, असे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले. सडक आली नाही.

पण ही सगळी वरकड कामे. मी आलो आहे तो राबासाठी. तुम्हाला राब म्हणजे काय हे सांगायला नको, पण कौन्सिलात ते एकाही माणसाला ठाऊक नव्हते. झाडांची टहाळे तोडावीत, शेणी आणि पाचोळ्याबरोबर वाफ्यावर पसरून वैशाखात भाजावीत, मग त्या जागी भाताचे रोप असे येते की बघत राहावे. आता जंगलखात्याच्या मनात आहे की येत्या हिवाळ्यापासून टहाळे तोडणे बंद. कारण झाडे खराब होतात. झाडे खराब होतात हे खरे, पण रोप आले नाही तर डोंगरातली माणसे खराब होतात, आणि ती पुढल्या पालवीला पुन्हा फुटत नाहीत. म्हणून मी ठराव दिला, की मावळातल्या शेतकऱ्यांना राबापुरती टहाळे तोडू द्यावीत.

ठरावाला मते पाहिजेत म्हणून आधी केशवरावांना राब समजावून द्यायचे ठरवले. तोंडाने सांगून त्यांना ते होळीसारखे काही वाटले. म्हणून एका सकाळी पाऊस उघडला असता मी त्यांच्या परसात एक हातभर वाफा करून वर ओली टहाळे रचली आणि पेटवली. दाजी, श्रावणात राब भाजायचा नसतो हे मला ठाऊक आहे. पण ठराव श्रावणात होता. जाळ झाला नाही, धूर मात्र असा झाला की शेजारचे तिघेजण घागरी घेऊन धावले, आणि केशवरावांच्या सौदामिनीबाईंनी मोठ्या कष्टाने वाळवलेली लुगडी पुन्हा धुवायला घेतली. त्या मला काही बोलल्या नाहीत. त्या दिवशीच्या आमटीत मीठ नव्हते, एवढेच. पण केशवराव डोळे पुसत म्हणाले, "सावळारामपंत, आता समजलं. माझं मत तुम्हाला. फक्त बाकीच्या सभासदांना असं समजावू नका."

मंगळवारी ठराव आला. अध्यक्षांच्या परवानगीने मी मराठीत बोललो, आणि दाजी, बरा बोललो. कापडाचा एक व्यापारी सभासद तर मध्येच जागा झाला. मग सरकारी बाजूचे एक विद्वान उभे राहिले. पुष्कळ बोलले. केशवराव हळूच सांगत होते: खत घातले की काम भागते म्हणतात. राब ही जुनी खोड आहे म्हणतात. मग केशवराव मध्येच अडले. मी विचारले, आता काय म्हणाला? ते म्हणाले, "जाऊ द्या." मी म्हटले, न्हाई, सांगा. तेव्हा सांगितले, की राबाचे मूळ शेतकऱ्याच्या आळसात आहे म्हणतात.

आळस! डोंगरातून टहाळांचे भारे डोक्यावर वाहून मानेचे हाड बसलेल्या माणसांना आळशी म्हणतो! माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? आपल्या गावकीत माणूस जे करतो तेच मी केले. उपरणे खांद्यावर टाकले, काठी उचलली आणि उठून चालू लागलो. आपल्याकडे असा एक जण उठला की बैठक तिथेच थांबते. चार वडीलधारी मागे जातात, हात धरतात, समजूत घालतात, आणि तो परत येऊन बसल्याशिवाय कसलाही निकाल होत नाही. ही रीत पुण्यात नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी रीतीप्रमाणे सावकाश चाललो, म्हणजे मागून येणाऱ्याला हात धरायला सोपे जावे. कोणी धरला नाही. दाराशी मी जरा घुटमळलोही. पट्टेवाल्याला वाटले मला दार जड जाते. त्याने अदबीने उघडून दिले.

आवारात आंब्याखाली एक दगडी पार आहे, तिथे मी तोंड फिरवून बसलो. थोड्या वेळाने आत घंटा घणघणली. म्हटले, आता पळापळ सुरू झाली, येतील. पळापळ झाली खरी, चहा पीत बसलेले सभासद लगबगीने निघाले, पण ते सगळे आत गेले. मग दारे लागली. मला वाटले, मला परत कसे आणावे याचा विचार बंद दाराआड चालला असेल. दाजी, आत मतदान चालले होते. घंटा त्याचीच होती. दारे एकदा लागली की ठराव मांडणाऱ्यालासुद्धा आत घेत नाहीत. दोन्हीकडची मते सारखी पडली, आणि अध्यक्षांनी आपले मत सरकारच्या पारड्यात टाकले. म्हणजे माझा ठराव माझ्याच एका मताने पडला, आणि ते मत पारावर रुसून बसले होते.

केशवराव तावातावाने बाहेर आले. बोलू लागले ते थांबेनात. "अहो, तुम्ही सभासद आहात की वरातीतले व्याही? दहा जणांच्या पाया पडून मी मतं जमवली, आणि तुम्ही इथं मुंग्या मोजताय? उठा, टांगा उभा आहे!" मी उठलो नाही. हे रागावणे झाले, समजूत झाली नाही, आणि रागावल्याने रुसवा मोडत नाही. त्यांना मी तसे सांगितलेही. ते एकटे टांग्यात बसून गेले.

तुम्ही म्हणाल, ठराव पडल्यावर बसून काय उपयोग? मला दुसरे करण्यासारखे काय होते ते तुम्ही सांगा. तोच ठराव याच बैठकीत पुन्हा आणता येत नाही, आणि पुढली बैठक होईपर्यंत टहाळे बंद झालेली असतील. हात हलवत वेल्ह्याला जाऊन मी लोकांना काय तोंड दाखवू? म्हणून मनाशी म्हटले, कोणीतरी हात धरीपर्यंत इथून हलायचे नाही. पाऊस आला. मी बसलो. सभासदांच्या मोटारी चिखल उडवत गेल्या. मी बसलो. आणि मग जंगलखात्याचे मोठे साहेब त्या वाटेने निघाले. गोरा, उंच माणूस, मागे कारकून छत्री धरून. साहेबाने मराठीची परीक्षा दिलेली आहे, आणि ती पुस्तकावरून दिलेली आहे.

"गृहस्था," साहेब म्हणाले, "पर्जन्यवृष्टी होत असता आपण येथे का बसला आहात?"

"रुसलोय, साहेब."

"हे क्रियापद मला परिचित आहे. पत्नी रुसते. सभासदही रुसतो काय?"

"आमच्याकडं गडीच रुसत्यात. बायांना येळ कुठाय?"

साहेब हसले नाहीत, पण थांबले. मी त्यांना रीत सांगितली. रुसलेल्याची जो पहिला विचारपूस करतो, त्याने हात धरून उठवायचे आणि उठवताना काहीतरी कबूल करायचे. मोकळ्या हाताने परत जायचे नाही. साहेबांनी विचारले, आणि गेला तर? मी म्हटले, "तर त्येनंबी हितंच बसायचं." कारकुनाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण दाजी, ते साहेब खरेच पाराच्या कडेला टेकले. म्हणाले, "आमच्या विद्वानांचे म्हणणे की खताने भागते. आपले म्हणणे की भागत नाही. सत्य कोणते?" मी म्हटले, दोन वाफे शेजारी शेजारी करा. एक राब भाजून, एक नुसत्या खताचा. आषाढात येऊन डोळ्यांनी बघा. ज्याचे रोप उभे राहील त्याचे खरे.

साहेबांनी विचार केला. मग कबूल केले, की येत्या आषाढापर्यंत बंदीचा हुकूम निघणार नाही, आणि राबाचा वाफा सरस ठरला तर पुढेही निघणार नाही. फक्त जागा अशी हवी की जिथे मोटार जाईल. वेल्ह्याला ते चालत येणार नाहीत, आणि नकाशातल्या सडकेवरून मोटार जात नाही हे त्यांना ठाऊक आहे. मी म्हटले, जागा आहे. त्यांनी माझा हात धरून मला उठवले. तेव्हापासून नाक वाहते आहे, पण डोंगरातल्या सगळ्या गावांना एक हिवाळा मिळाला. ठरावाने इतके मिळाले नसते. ठराव मंजूर झाला तरी सरकार मानतेच असे नाही, हे केशवरावांनी मला आता सांगितले. आधी सांगितले असते तर त्यांची दहा जणांच्या पाया पडण्याची दगदग वाचली असती.

घरच्यांस यथायोग्य सांगणे. आक्काला नमस्कार. मुलांना आशीर्वाद. कौन्सिल उठले की मी येतोच.

तुमचा,
सावळाराम

ता. क. साहेबांना सांगितलेली जागा म्हणजे तुमचे सडकेला लागून असलेले खाचर. मोटार थेट बांधाशी लागते. तुम्हाला विचारायला हवे होते हे मान्य, पण तुम्ही वरव्याला होता आणि साहेब पावसात बसले होते.

पुन्हा ता. क. दोनपैकी खताचा वाफा सरकारचा आहे, हे ध्यानात ठेवा. भाजल्याशिवाय तणाचे बी मरत नाही, तेव्हा त्यात तण माजेल. सडकेवरून येणारेजाणारे हसतील आणि तुमच्या जिवाची तगमग होईल. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. गुडघा दुखत असला तरी तुम्ही कोणी बघत नाही असे पाहून त्यात खुरपे घालाल. घालू नका. सरकारला स्वतःच्या हिमतीवर पडू द्या. खुरपी आक्काकडे कुलपात ठेवायला द्यावीत हे उत्तम.

आणखी एक. निघता निघता साहेबांनी विचारले, हा शेतकरी आपला नातलग नाही ना? नातलग असल्यास जागा चालणार नाही. मी म्हटले, छे, साहेब, आमचं बोलणंसुदिक न्हाई. दाजी, खोटे बोललो ते एवढेच. रोप काही कोणाचे मेहुणे नाही, ते खरे तेच सांगेल. पण आता मेख अशी आहे, की साहेब जागा पाहायला दिवाळीच्या सुट्टीत, शिकारीला जाता जाता येणार आहेत, आणि तो दिवस नेमका भाऊबीजेचा आहे. मी त्यांच्याबरोबर मोटारीत असेन. तेव्हा तुम्ही मला रामराम घालू नये, आणि "कोण हो तुमी?" असे जरा घुश्शातच विचारावे (ते तुम्हाला जमेल). आक्काला नीट समजावून सांगा. मला बघून ती दारातूनच हाक मारील, आणि मारली की मावळाचा राब गेला. तिने खुशाल आत बसून रडावे. पण ताट तयार ठेवावे. साहेब मोटारीत बसले की मी काठी बांधावर विसरल्याचे सांगून धावत माघारी येईन. तेवढ्यात ओवाळायला सांगा, आणि करंज्या फडक्यात बांधून द्या, कारण चावायला वेळ मिळणार नाही.