डाव्यासारखा उजवा

१९ मे, अकोला
धोंड्याचा महिना लागला. लग्नं बंद, पार्लर ओस. ऊन असं की लायनर बाटलीतच वाळून राहिलं. रिकामी बसण्यापेक्षा नव्या बोर्डासाठी फोटो काढीन म्हटलं. जुन्या सिनेमातल्या नट्यांचे असत तसे डोळे, वर जाड लायनर, भोवती धुरकट काळं. धाकट्या बहिणीवर, वैशूवर करीन. रविवारी ती अन् तिचा नवरा अमरावतीहून येऊन राहिले. जावयाले धोंडे जेवायले बोलावलं, आई आतापासूनच अनारशांच्या मागे.

२४ मे, रवि.
वैशू गॉगल लावूनच घरात शिरली. "ताई, आधी माये डोळे कर."
पार्लरात गॉगल काढला. डावा डोळा सुजलेला, खाली गालापर्यंत जांभळा, कडेले पिवळा.
"काहून गं?"
"दाराले लागलं."
"कोणत्या दाराले?"
गॉगलची दांडी उघडमिट करत म्हणे, "आज नको ना ताई. आई त्याचे पाय धुणार हाये."
जांभळं झाकलं, तर सूज जास्तच दिसे. मग उलटं केलं. डाव्याकडे पाहू पाहू उजवा रंगवला. जांभळा, राखाडी, कडेले पिवळट. दोन्हीवर लायनर ओढलं. सारखे झाले. फोटो काढला. माया हात जरासाही थरथरला नाही, त्याचाच राग येऊन राहिला.
आईनं पाय धुतले, वाण दिलं. तो हसून म्हणे, "ताई, तुमच्या हाताले तोड नाही." मेला!

२५ मे
आईले सांगितलं. ती अनारशांचा डबाच पुसत बसली. मग म्हणे, "महिना निघू दे. आता बोललो तर धोंड्यात जावयाचा अपमान केला म्हणतीन लोक."
म्हणजे हिले ठाऊक होतं!
लेकीचा अपमान कोणत्या महिन्यात धरतात, विचारलं.

२९ मे
वैशूनं तो फोटो पार्लरच्या नंबरासकट स्टेटसले ठेवला. दर्यापूरहून एका नवरीच्या आईचा फोन. "महिना संपला की लग्न आहे. आमच्या पोरीले अगदी तसेच डोळे करून द्या बरं."
हो म्हटलं.
बोर्डवाल्याले कळवलं, फोटो नको, नुसतं नाव लिही.

३ जून
सकाळी वैशूचा फोन. आवाज बारीक. "ताई, तो जांभळा कोणत्या नंबरचा होता? इकडे भेटीन का?"
"काहून?"
"उद्या घरी पूजा हाये."
"कोणता डोळा?"
"आता उजवा."
म्हटलं, दुकानात जाऊ नको, मीच येते.
आईनं जावयासाठी अनारशांचा डबा पुढं केला. तिथंच ठेवला. मेकअपची पेटीही घरीच. मोठी पिशवी तेवढी आणली, रिकामी, वैशूच्या कपड्यांसाठी. न्यायले येते हे तिले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर येऊ नको म्हणाली असती.
निघीन का ती मायासंगं? नाही म्हणाली तर मी काय करू, तिथं बसून पुन्हा...
बडनेरा आलं. बस हलून राहिली, लिहिता येत नाही.