छत्री सॉफ्टवेअरचा खरा जनक कोण

चँडलर, ॲरिझोना

प्रिय जगन्नाथ,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? लेस्टरच्या थंडीत त्याला जपत जा. इथे आम्ही उन्हात भाजून निघतोय, बाकी सगळं क्षेम.

पत्राचं कारण म्हणजे आपली छत्री सॉफ्टवेअर कंपनी. (ती बंद पडून चाळीस वर्षं होत आली हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या लोकांना नाही.) इथे जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचं एक छोटं संग्रहालय निघालंय आणि आपला 'दूधवाला' गेम तिथे चक्क काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. ऑफिस सुटल्यावर लेस्टरच्या रंगाच्या दुकानावरच्या त्या खोलीत बसून आपण दोघं लिहायचो आणि कॅसेटवर विकायचो, तोच. ज्यातल्या कुत्र्याला मेमरी संपल्यामुळे तीनच पाय मिळाले आणि तिथल्या एका मासिकाने त्याला 'करुण विनोद' म्हटलं, तोच. 'छत्री' हा जपानी शब्द आहे अशी इथे सगळ्यांची ठाम समजूत आहे. ती मोडणं माझ्या जिवावर येतं.

तर संग्रहालयासाठी कंपनीचा इतिहास लिहायला रीमा नावाची मुलगी घरी आली. आईवडील नागपूरचे, ही इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तिने विचारलं, गेम नक्की बनवला कोणी? आता अशा वेळी भला माणूस काय म्हणतो? मी म्हणालो, "छे गं, माझं कसलं! सगळं डोकं जगन्नाथचं. मी आपला बाजूला बसायचो." यावर समोरच्याने "असं कसं काका, तुमच्याशिवाय झालं असतं का?" म्हणायचं असतं. मग आपण दोनदा नको नको करून हळूहळू कबूल व्हायचं. आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. रीमा म्हणाली, "वॉव काका, दॅट्स सो ऑनेस्ट!" आणि लिहून घेतलं. तिला आणखी एक संधी द्यावी म्हणून मी म्हणालो, "खरंच गं, माझं काहीच नाही." तेही लिहून घेतलं. भिंतीवर लावायच्या फलकाचा मजकूर काल आला. त्यात तू निर्माता आहेस आणि मी 'बाजूला बसणारे मित्र'.

जगन्नाथ, मला फार वाईट वाटलं. इथे येऊन जन्मभर कॉम्प्युटरच्या चिप्स बनवल्या, पण चिपवर कोणाचं नाव नसतं. कुठे नाव लागायची ही एकच जागा. उद्घाटनाला अनन्या येणार आहे, आजोबांचं नाव वाचायला. नातीला काय, बाजूला बसलेला आजोबा दाखवू? विनीताला सांगितलं, तर ती "तुम्हीच म्हणालात ना?" एवढंच बोलली आणि भाजी चिरत राहिली. बायकोकडून दोन शब्द धीराचे मिळावेत अशी माझी अपेक्षा होती.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रताप

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहितो. रीमा तुलाही फोन करणार आहे. तूही आपल्या रीतीप्रमाणे "माझं कसलं, सगळं प्रतापचं" म्हण आणि तिथेच थांब.

ता. क. २ : पाठवायचं बटण दाबणार एवढ्यात रीमाचा फोन आला. तुझ्याशी बोलणं झालं म्हणे, आणि तू कोणी न सांगताच सगळं श्रेय मला देऊन टाकलंस. (डोळे भरून आले, खरंच.) पण आता दोघंही ऑनेस्ट आणि दोघांनीही काही केलेलं नाही, तेव्हा तिने विनीताला विचारलं. विनीता म्हणाली, "हो, मीच केला." दूधवाला, जिने, कुत्रा, सगळं तिने स्वेटरच्या नमुन्यासारखं चौकटीच्या कागदावर घर घर भरून काढलं होतं, आपण ते मशीनला समजेल असं टाइप केलं. मी खूप आठवून पाहिलं, खोडून काढता येईना. फलकावर आता एकच नाव आहे.

ता. क. ३ : उद्घाटनाच्या वेळी विनीताला स्टेजवर सोबत एकालाच नेता येतं. तिने मला विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं काय, जगन्नाथला ने." तिने तुझं विमानाचं तिकीट काढलंय. तू जरूर ये. फक्त स्टेजच्या पायरीशी "छे छे, प्रतापनेच जावं" असं मोठ्याने म्हण, आणि मग खरोखरच खाली थांब.