नात्यातलं भूत

रविवार, तारीख सतरा

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला, नाहीतर आत्ता हात आशीर्वादाला नाही, तुझा कान पिळायला शिवशिवतोय. आम्ही इकडे बरे आहोत. आम्ही म्हणजे मीच. आई गेल्यापासून घरात दुसरं आहे कोण, पण 'आम्ही' म्हणायची सवय जात नाही. मोरीचा नळ अजून गळतो. खालचे मास्तर अजून कुरकुरतात. तुझी बायको आणि पोरगी खुशाल असतील असं धरते.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता. तुझा तो माणूस म्हणाला, "सर कामात आहेत." मी म्हटलं, "सरांना सांग, ज्या बाईने तुमचा शेंबूड पुसला ती बोलतेय." त्याने फोनच ठेवला. एका परीने बरंच झालं. मी जे बोलले असते ते तू टेप करून पुढच्या पिक्चरमध्ये हडळीला लावलं असतंस.

मुद्द्याचं आधी लिहिते. आईची टेप मला पाठव. तुकडा नको, अख्खी. तिच्या शेवटच्या दुपारची, सुरुवातीपासून तू मशीन बंद केलंस तिथपर्यंत. का, ते खाली आहे. नीट वाच. वरवर वाचायची तुझी खोड जुनी आहे.

झालं असं. आमच्या लॉन्ड्रीत जेवणाच्या सुट्टीत बायकांचा वाद लागला, कोणता भुताचा पिक्चर खरा भीतीचा. चिमणी म्हणाली, बाहुली मान फिरवते तो. इस्त्रीवाली म्हणाली, छे, पलंगाखालून हात येतो तो, मी महिनाभर पाय पोटाशी घेऊन झोपले. मुकादम मध्येच नाक खुपसून म्हणाला, "माझ्या सासूचा कोणी अजून काढला नाही, नाहीतर तोच." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, पांढऱ्या चादरीला आपण काय घाबरणार गं, रोज ढिगाने धुतो आणि घड्या घालतो.

तेवढ्यात चिमणीने पेपर आणला. लोकांनी मतं देऊन सगळ्यात भीतीदायक म्हणून तुझ्या पिक्चरला पहिला नंबर दिला होता. तुझा फोटोही होता, पिक्चरचे आवाज पकडताना कानाला ते मोठं यंत्र लावलेला. माझा भाऊ म्हणून मी मिरवले, खोटं कशाला सांगू. सगळ्यांना चहा पाजला. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघी गेलो बघायला.

अर्धा पिक्चर तर आम्ही हसत होतो. तुमचं ते भूत तोंड रंगवून आलं तेव्हा इस्त्रीवाली म्हणाली, "अगं, हिची पावडर ओघळली." मागचा माणूस म्हणाला, "बाई, गप्प बसा." ती म्हणाली, "भुताला सांगा ना, तेच जास्त बोलतंय."

मग ती रिकामी खोली आली. खोलीत कोणीच नाही. नुसता श्वास. आत जाताना खरखर, मग अडकतो, मग बारीक शीळ वाजल्यासारखा सुटतो. थेटर एकदम चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या बाईने पदर तोंडात धरला. मी मात्र आधी नुसतं ऐकत होते. कान ओळखत होता, डोकं ओळखत नव्हतं.

मग ठोके आले. एक जोरात. थोडं थांबून दोन हलके.

धाकट्या, सगळं थेटर दचकून खुर्चीत खाली गेलं आणि मी एकटी ताडकन उभी राहिले. तोंडातून निघून गेलं, "आले गं." मोठ्याने. मागून कोणीतरी शिट्टी मारली. चिमणीला वाटलं मी घाबरले, तिने ओढून खाली बसवलं. मी घाबरले नव्हते. मला हाक आली होती आणि मी उठले होते. दोन वर्षं तेच तर करत होते.

आईचा आवाज गेल्यावर आम्ही ते ठोके ठरवले होते. पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदल. आणि एक जोरात, मग दोन हलके, म्हणजे काही नको, नुसती ये. त्या तिसऱ्यासाठी ती हसायची, लबाडी केल्यासारखी. मी हातातलं पीठ तसंच ठेवून जायचे आणि बसायचे. एवढंच. तिला काही नकोच असायचं.

तू ते पिक्चरमध्ये लावलंस आणि लोक किंचाळले.

बाहेर आल्यावर मामी माझ्याजवळ आली. मामी म्हणजे माझी घडीची जोडीदार; मोठी चादर एकटीने घडी होत नाही, ती एक टोक धरते, मी एक. तिचा नवरा छातीच्या दुखण्याने गेला. ती अख्खा पिक्चर ओरडली नाही, फक्त माझं मनगट धरून बसली होती. म्हणाली, "ते भूत नाही गं. ते मरणारं माणूस आहे. कोणी केलं हे?" मी काय सांगू? माझ्या भावाने, ज्याच्या नावाचा चहा तू प्यायलीस?

पेपरात तू काय सांगितलंस ते चिमणीने मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. म्हणे तो श्वास जुन्या भात्यातून आणि ओल्या चामड्यातून बनवला, फार मेहनत लागली. आई भाता होय रे? ओलं चामडं? निदान खरं बोलायचंस. म्हणायचंस, माझ्या आईचा आहे, ती मरत होती आणि मी मशीन लावून बसलो होतो. मग बघायला हवं होतं कितवा नंबर येतो.

ते मशीन तू औषधांच्या फळीवर ठेवलंस तेव्हा मी विचारलं होतं हे कशाला. तू म्हणालास, "ताई, आईचा आवाज जपून ठेवतो." मी म्हटलं, आवाज राहिलाय कुठे. तू म्हणालास, "श्वास तरी." मला भरून आलं होतं. मोरीत जाऊन रडले. म्हटलं, पोरगा लांब राहिला तरी जीव लावून आहे. मूर्ख मी.

रागाने लिहितेय म्हणून अक्षर मोठं झालंय. चालवून घे.

आता ऐक. त्या दिवशी मुकादमाने रजा दिली नाही म्हणून मी कामावर गेले आणि तू बसलास. दारातून मी ओरडून सांगितलं, "ठोका आला की उठायचं. कसलाही असो." तू मान हलवलीस. मी आले तेव्हा सगळं आटपलं होतं. तू जिन्यात उभा होतास. म्हणालास, "ताई, झोपेतच गेली. तिला कळलंसुद्धा नाही." त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. कोणी विचारलं की तेच सांगायचे. झोपेतच गेली हो, सुटली बिचारी.

झोपलेलं माणूस चमचा आपटतं का रे?

म्हणशील, ते ठोके दुसऱ्या कुठल्या दिवसाचे असतील. नाहीत. तिच्या बोटांत चमचा राहीना, म्हणून त्याच सकाळी मी तिला जाड दांड्याची पळी दिली होती. चमचा टिणटिण वाजायचा. पळी ठण्ण वाजते. पिक्चरमध्ये पळी आहे. ती पळी हातात आल्यावर तिने दुसरा दिवस बघितला नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. वर मी असं लिहिलंय जसं काही एकदा बघून थुंकून आले. तसं नाही. मी पुन्हा गेले. लॉन्ड्री सुटली की जाते, एकटीच, बायकांना सांगत नाही. दाराशी तिकीट फाडणारा आता ओळखतो. परवा म्हणाला, "मावशी, पुन्हा? एवढं आवडलं भूत?" मी म्हटलं, "नात्यातलं आहे." तो खो खो हसला. आत जाऊन मी डोळे मिटून बसते. तोंड रंगवलेली ती बया येऊन जाईपर्यंत थांबते. मग ती खोली येते आणि आई श्वास घेते. आजूबाजूला माणसं किंचाळतात, पॉपकॉर्न सांडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि मी तिथे अशी बसते जशी पलंगाशी बसायचे. मग ठोके येतात. दर वेळी पाय उठायला बघतात. मी खुर्चीचे हात घट्ट धरते.

तुझा राग राग करते आणि तुझंच तिकीट काढते. घे, हस.

शुक्रवारी पिक्चर उतरतोय, असं तिकीटवाला म्हणाला. म्हणजे शुक्रवारपासून आई कुठेच नाही.

पण टेप नुसती त्यासाठी मागत नाहीये. तुमचा पिक्चर नेमका नको तिथे कापलाय. दोन हलके ठोके, एक श्वास, आणि तो तुमचा दरवाजा धाडकन उघडतो आणि वाजंत्री बोंबलते. मला दरवाजा नको. मला त्या श्वासाच्या पुढचं हवंय.

तू लोखंडी खुर्चीत बसला होतास. घरात दुसरी खुर्ची नाहीच. तिच्या एका पायाचं रबर गेलंय, तुला माहीत आहे. माणूस नुसता उठला तरी फरशीवर अशी कर्र किंचाळते की खालचे मास्तर जिन्यात येऊन भांडतात. ती खुर्ची गप्प राहूच शकत नाही. ठोक्यांनंतर तू उठला असशील तर ती टेपेत वाजली असेल. नसशील उठलास, तर नुसता श्वास असेल, मग तोही नसेल, आणि मशीन चालूच असेल.

एवढंच ऐकायचंय मला. आईने 'नुसती ये' म्हटलं, तेव्हा कोणी गेलं का.

हे तुला विचारता आलं असतं. पण तू एकदा उत्तर दिलंयस मला, जिन्यात.

लोकांना काय भीती वाटायची ती वाटो. बाहुली म्हणा, पलंगाखालचा हात म्हणा. मला त्या टेपेची भीती वाटते, आणि तरी ती मला हवी आहे. शुक्रवारच्या आत पाठव. काही पुसू नकोस. तुमच्याकडे नको ते आवाज पुसायची सोय असते, मला ठाऊक आहे. आणि दुसऱ्या कुठल्या खुर्चीचा आवाज आणून मध्ये चिकटवू नकोस. भाता म्हणून तू जगाला फसवलंस. आमची खुर्ची मी ओळखते.

वाजली असेल, तर घरी ये. शिव्या घालीन आणि जेवायला वाढीन. नसेल वाजली, तर काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. काहीही असो, टेप पाठव.

पोरीला माझा पापा दे. तिला तो पिक्चर दाखवू नकोस. तिची आजीशी पहिली ओळख भूत म्हणून नको.

पत्र त्याच खुर्चीत बसून लिहिलं. आता टपालात टाकायला उठते. मास्तर ओरडतील, ओरडू देत.

ठोका आला की उठणारी,
तुझी ताई