रक्तातले अनुस्वार

जालना,
ता. ६ मार्च १९४१

तीर्थरूप धर्मराजदादास धाकट्या पुंजारामचा शिरसाष्टांग नमस्कार.

वर्षानं पत्र आलं म्हणून फाडू नको. डाव्या हातानं लिहून राह्यलो, तेव्हा अक्षर वाकडं दिसंल. पण दादा, मी आज लई खूश आहे! उजव्या हाताच्या दुखण्याचं मूळ सापडलं. ते माझ्या कामातून आलंय, आणि बरं होतंय!

नवीन जालन्यात मुबारक डॉक्टर आलेत. त्यांनी हात बघायच्या आधी तोंड उघडायला लावलं. हिरड्यांवर निळी रेघ. मंग विचारलं, छापखान्यात काय करता? म्हटलं, खिळे जुळवतो, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. डॉक्टरांना ठाऊक ती उर्दू छपाई, दगडावर लिहून उमटवायची; त्यांना आमची कटकट काय ठाऊक! मराठीत काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांचे बारके खिळे वेगळे. हात दोनच, म्हणून मात्रा ओठात धरायच्या. सोळा वर्षं धरल्या. खिळे शिशाचे, तेच विष अंगात भिनलं. हात लुळा पडल्यावर तर जास्तच धरायला लागलो, शहाणाच मी!

त्यांनी बोटातून रक्त घेतलं, काचेवर पसरून रंगात बुडवलं आन् भिंगाच्या यंत्राखाली मोजत बसले. मलाही दाखवलं. रक्ताचे गोल कण, काहींत निळी टिंबं. अनुस्वारच की! डॉक्टर म्हणाले, ही शिशाची खूण. हजारात अकरा कण टिंबवाले. मी हट्टानं आमच्या छापखान्यातल्या अजमतचंही रक्त तपासायला लावलं. तो छपाईचं यंत्र चालवतो, खिळे तोंडात घालत न्हाई. त्याचा हजारात एकच. बिलकुल शंका उरली न्हाई.

जुळारीकाम सोडलं. महिन्यानं काल दोन बोटं उचलली!

आता जे लिहायचं टाळून राह्यलो, ते. हे वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव.

गोजरवहिनी, मागच्या होळीला तुझ्या हातची पोळी खाल्ली आन् पोटात कळ उठली. पंधरा दिवसांत मनगट लुळं पडलं. मी पारावर चारचौघांत बोललो, वहिनीनं करणी केली. बायांनी तुला हळदीकुंकवाला बोलवणं सोडलं, हे मला कळलं होतं. मी गप बसलो. डॉक्टर म्हणतात, ती कळही शिशाचीच. वहिनी, मी चुकलो.

होळीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतूरला येतो. आधी पारावर जाईन, त्याच लोकांपुढं सगळं सांगीन. मंग तुझ्या दारी येईन. दार लावलंस तर बाहेर बसंन. उघडलंस तर असंल ते वाढ. मी ओट्यावर बसून खाईन, अख्ख्या गल्लीला दिसंल असं.

आई गेल्यावर तू ज्याला भरवलंस, तो
पुंजाराम