क्वार्टरात खिळा ठोकायचा नसतो

आई,

मी भिंतीला भोक पाडलं. चांगलं बोटभर खोल, ड्रिल मशीननं, आणि तेही पुढच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल अशा जागी. तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास. पण भिंत आपली आहे. चंद्रपूरच्या कडेला, नव्या लेआउटमध्ये, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. निवृत्त झाल्यावर नर्सचं क्वार्टर सोडलं आणि मी इथे आले. हे घर तू पाहिलं नाहीस. एटापल्लीच्या क्वार्टरातच तू गेलीस, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली, त्यामुळे कुठे राहते आणि काय करते हे तुला असं पहिल्यापासून सांगावं लागतं.

एटापल्लीला आपण पहिल्यांदा गेलो तेव्हाचं मला आठवतं. मी नवी नवी नर्स, अंगात नोकरीचा तोरा. सामान उतरत होतं तेवढ्यात मी कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकला आणि प्लास्टरचा वीतभर पोपडा खाली आला. तू पिठाच्या हातानं तशीच बाहेर येतेस, आधी पोपड्याकडे बघतेस, मग माझ्याकडे. "काऊन ठोकला? हे घर आपलं आहे काय? आपल्या मांगून येनारं माणूस काय म्हणन?" पांढरी दंतमंजनाची पूड ओली करून तू ते भोक अंगठ्यानं बुजवलंस आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. त्यानंतर आलापल्ली झालं, गोंडपिपरी झालं, पुन्हा एटापल्ली झालं, पण आपल्या हातून कुठल्याच क्वार्टरात खिळा गेला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं, आरसा कोनाड्यात टेकवलेला, बुद्धाची मूर्ती पत्र्याच्या पेटीवर. पडदे तू तुझ्या जुन्या लुगड्यांचे शिवायचीस आणि खाली हातभर कापड दुमडून ठेवायचीस. पुढच्या क्वार्टरची खिडकी उंच निघाली तर उसवायचं, बुटकी निघाली तर आणखी दुमडायचं. माझ्या सोबतच्या नर्सा हसायच्या. मी चिडले की तुझं ठरलेलं उत्तर, "आपलं घर होईन तवा करू नं सारं." माझी अख्खी नोकरी त्या 'तवा'मध्ये गेली, आई. मला त्याचा राग आहे. आज लिहायलाच बसले आहे तर तेही लिहून ठेवते.

आता भोकापर्यंत कशी आले ते सांगते. तुझा धाकटा नागपूरहून रोज फोन करतो. "ताई, एकटी काय करून राह्यली तिथी? घर भाड्यानं देऊन टाक नं इकडे ये." त्याची बायकोही मनापासून बोलावते, खोटं कशाला बोलू. मी हो म्हटलं. संध्याकाळी या लेआउटमध्ये कुत्री सोडली तर कोणी बोलत नाही, आणि मी माणसांच्या दवाखान्यात आयुष्य काढलेली बाई. हो म्हणताना मला हलकंच वाटलं होतं. त्यानं त्याच्या ओळखीतलं एक जोडपं शोधलं, दोघंही शिक्षक, बदली होऊन चंद्रपूरला येणारी. ती दोघं रविवारी घर बघायला यायची होती. "जरा रंगवून घे, ताई. घर भाड्यानं लवकर जाईन." पेंटर म्हणाला, दिवाळीपर्यंत मोकळा नाही. म्हटलं, जिनं लोकांची हातपाय मोडलेली लेकरं सांभाळली तिला एक भिंत रंगवता येणार नाही होय? मोबाईलवर बघून सुरुवात केली.

दुकानात पोरानं रंगांचं शेडकार्ड पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "ताई, कोणाच्या रूमसाठी पाह्यजे?" क्वार्टरात रंग सरकार ठरवायचं, तोच तो आजारी पिवळा. आपल्याला कुठला आवडतो हे कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पांढरा घ्यावा तर इथे कोळशाच्या धुळीनं आठ दिवसांत त्याचा रंग कुठला हे सांगता येत नाही. शेवटी श्रावणात शेताच्या बांधीत धान उभा असतो ना, तसला हिरवा घेतला. भाडेकरूंसाठी घ्यायचा तर पोरगा म्हणाला तो बदामी घ्यायला हवा होता. मी हिरवाच घेतला, आणि घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होते.

पहिल्या भिंतीची मी वाट लावली. खाली प्रायमर मारायचा असतो हे रंग मारून झाल्यावर कळलं. डाग डाग दिसायला लागले, गोवर आल्यासारखे. मग सगळं घासलं, पुट्टी भरली, पुन्हा घासलं. केसांत, भुवयांत, भाजीत, सगळीकडे पांढरा भुगा. दुसरी भिंत बरी झाली आणि तिसरी इतकी छान झाली की मी खुर्ची टाकून तिच्याकडे बघत चहा प्याले. शेजारी कोणी नव्हतं जिला म्हणावं, अगं बघ.

मग आरा मशीनवरून सागाची एक फळी कापून आणली. भिंतीवर ठोकून तिच्यावर मूर्ती ठेवायची होती. मोबाईलमधला माणूस समजावून सांगतो, आधी भोक पाडा, त्यात प्लास्टिकची गिट्टी बसवा, मग स्क्रू. आणि सहज म्हणतो, आता फळीचं दुसरं टोक कोणाला तरी धरायला सांगा. मी तो व्हिडिओ तिथेच थांबवला. पडदा लावताना दुसरं टोक तू धरायचीस, आणि मी उगाच ओरडायचे, वर घे, अजून वर घे. त्या दिवशी मी तांदळाच्या डब्यावर डाळीचा डबा, त्यावर तुझी शिलाई मशीनची पेटी असा मनोरा रचला, दुसरं टोक त्यावर टेकवलं, आणि तोंडात स्क्रू धरून ती फळी बसवली. पाणसळ लावून पाहिली. सरळ बसली आहे.

शनिवारी पडदे शिवले. नवं कापड, हळदी रंगाचं. खिडकीला लावले आणि मागे सरून पाहिलं, तर खाली हातभर कापड दुमडलेलं. माझ्याच हातानं, न ठरवता. ही खिडकी आता कुठे वाढणार होती? मी फरशीवर बसले आणि रडले. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी रडले. इतकी वर्षं मी पुढच्या क्वार्टरसाठी जगत आले आणि पुढचं क्वार्टर आता नाहीच. मग उठले, पडदे काढले, ती दुमड उसवली आणि जास्तीचं कापड कात्रीनं कापून टाकलं.

रविवारी ती दोघं आली. भली माणसं आहेत. तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाई, कोनाकडून करून घेतलं?" मी म्हटलं, "मीच केलं." ती म्हणाली, "मंग देऊन काऊन राह्यले?" नवऱ्यानं तिला डोळ्यानं दटावलं आणि मला म्हणाला, "आमाले पसंत आहे, बाई. कवा येऊ रहाले?" मला तारीख सांगायची होती. धाकट्यानं ती ठरवूनही दिली होती. माझ्या तोंडून निघालं, "आईले विचारा लागन."

एवढं वय झालेल्या बाईनं असं म्हटलं तरी त्यांना काही वावगं वाटलं नाही. उलट तिनं आवाज हळू केला, आत कोणी झोपलं असेल म्हणून.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. मी म्हटलं, "आई नाई म्हणते." ती थोडी नाराज झाली, पण म्हणाली, "काई हरकत नाई. म्हाताऱ्या माणसाचं मन नाई दुखवू. आईले आमचा जय भीम सांगजा." मी म्हटलं, "सांगते."

धाकट्याला अजून कळवलेलं नाही. तो रागावेल, आणि त्याचं चुकत नाही. संध्याकाळी इथे फार एकटं वाटतं, हिरव्या भिंतीनं त्यात काही फरक पडलेला नाही. तरी मला इथेच राहायचं आहे. मला हवं आहे असं स्वतःच्या तोंडानं म्हणायची सवय मला नाही, म्हणून तुझं नाव पुढे केलं. हे पत्र टाकायला कुठलं टपाल नाही. पण तिला सांगते म्हटलं होतं, म्हणून लिहिलं. आई, त्या बाईंनी तुला जय भीम सांगितला आहे.