अप्पांच्या नावाने गाऱ्हाणं

वरचीवाडी, मार्गे आचरा
दि. ८ जानेवारी १९६४

ती. वन्सं यांना प्रेमलताचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. इकडे सगळी ठीक. तुमच्या भावाचा खोकला कमी आहे. कुळीथ यंदा बरा दिसतोय, कोल्हापूरकडे येणारं कुणी मिळालं की पाठवीन.

अप्पांच्या आठवणी नातवंडांसाठी लिहून मागितल्यात. घाटात रस्ता चालला होता तेव्हा हा माणूस तंबूत राहायचा, पण शनिवारी पायी का होईना, घर गाठायचाच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांची वेणी इंजिनियरसाहेब स्वतः घालत. भांग इतका सरळ की सासूबाई म्हणायच्या, "रस्तो काढतात माझ्या डोक्यार." मी लग्न होऊन आले ती ही अशी ठेंगणी. रहाटाला हात पुरत नसे. कुणाला सांगितलं नव्हतं, तरी एक दिवस विहिरीपाशी माझ्यापुरती पायरी बांधून तयार. त्यांच्या पुलांचं लोक बोलतात, मी रोज त्या पायरीवर उभी राहते.

आणि घरातून कुठेही निघायचं तर सगळ्यात शेवटी तेच. सगळ्यांना गाडीत बसवायचं, कड्या-कुलपं बघायची, मग स्वतः चढायचं. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तर त्यांच्या लेक.

मुलांना इतकं पुरे. पुढचं त्यांना वाचून दाखवू नका.

तुम्ही लिहिलंत, अप्पांनी म्हातारपणी इंजिनियरपणाचा हट्ट केला, गावपळणीला सगळा गाव वेशीबाहेर गेला तरी घरात बसून राहिले, देवाचा नेम मोडला आणि तो त्यांना भोवला. म्हणून त्यांच्या नावाने देवळात गाऱ्हाणं घालून क्षमा मागा. गावही हेच बोलतो. राधाबाईने शेजारधर्म पाळून तुम्हाला कळवलं, ते तसंच. वर मला शाबासकी दिलीत, सासऱ्याला आणायला एकटी ओसाड गावात शिरली म्हणून. ती शाबासकी माझ्या घशाखाली उतरत नाही.

वन्सं, अप्पांनी हट्ट केला नाही. आम्ही त्यांना विसरलो.

देवाचा कौल झाला आणि गावपळणीची घाई उडाली. तीन दिवस गावात माणसाने राहायचं नाही, गुरं-कोंबड्यासुद्धा नाहीत, चूल-दिवा नाही. मी मुलांना घेऊन पहिल्या गाडीत बसले. कोंबड्या मोजून घेतल्या. मांजराची पिल्लं टोपलीत घातली. अप्पा कोट-टोपी घालून दारात होते, म्हणाले, "तुमी चला, मी कडये बघून येतंय." मला वाटलं, मागच्या गाडीतून येतील. तुमचे भाऊ मागची गाडी आणि गुरं घेऊन निघाले, त्यांना वाटलं, अप्पा माझ्याबरोबर गेले. अलीकडे अप्पांना विसर पडायचा. आत गेले की आपण कशाला आलो तेच आठवायचं नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी बघितलं नाही.

दिवेलागणीला हे वेशीबाहेर आमच्या झावळ्यांच्या खोपीशी पोचले आणि म्हणाले, "अप्पा खंय?"

"तुमच्या वांगडा नाय?"

हे तसेच मागे धावणार होते. मी हात धरला. म्हटलं, आता बोंब करू नका, लोक तोंडात शेण घालतील, आधी बाकीच्या खोपींत गुपचूप बघू. कुठेच नव्हते. हे मानकऱ्यांकडे जाऊन सांगू म्हणत होते. मी सकाळपर्यंत थांबवलं. तेवढ्यात राधाबाई आली. "अप्पा खंय गो, दिसूक नाय ते?" मी म्हटलं, "निजलेत." इतकं सहज म्हटलं की मलाच भीती वाटली.

पहाटे मी एकटी गावात परत गेले. कुणी विचारलं तर सांभाळून घ्यायला हे थांबले. अप्पा पडवीत बसले होते, मांडीवर पिशवी. दिवा लावला नव्हता, चूल पेटवली नव्हती, उपाशी. सगळं विसरणाऱ्या माणसाने देवाचा नेम तेवढा लक्षात ठेवला होता. थंडीने हात लाकूड झालेले. मला बघून म्हणाले, "सगळी चढली मां? मगे चला."

वाटेत राधाबाई भेटली. कालचं "निजलेत" मी घरची लाज राखायला म्हटलं असं ती समजली, तिनेच म्हटलं, "हट्ट केल्यानी म्हाताऱ्यान?" मी मान हलवली. अप्पा हसून तिला सांगत होते, "माझी सून माका न्हेवक इली." थंडी छातीत भरली होती. घरी परतल्यावर ते उठलेच नाहीत. शेवटपर्यंत जो येईल त्याला हेच सांगत होते, आणि मी उशाशी बसून ऐकत होते. मला माझीच किळस येते.

आता त्यांच्याच नावाने क्षमा मागायची? ते माझ्याने होणार नाही.

येत्या सोमवारी देवळात गाऱ्हाणं माझ्या नावाने आहे. गुरवाला शब्द सांगून आले: हिच्या सासऱ्यान तुझो नेम पाळल्यान, ही त्याका इसारली आणि गावाशी खोटा बोलली. तुमचे भाऊ म्हणतात, पोरींची लग्नं व्हायची आहेत, असं करू नको. मला पोरींचं कळतं. पण त्या गाऱ्हाण्याला सगळ्या गावाने एकदा "व्हय महाराजा" म्हटल्याशिवाय अप्पांवरचं बालंट जाणार नाही.

जमलं तर या. आलात तर दारात मला जवळ घेऊ नका, आधी देवळात उभ्या राहा.

तुमच्या अप्पांना मागे ठेवून गेलेली,
प्रेमलता