आईचं जन्मगाव कोणतं?

दौंड,
११ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप इनुसमामांना रुबीचा सलाम. वि. वि.

मामा, हे पत्र दुकानात फोडू नका, घरी नेऊन वाचा. फोन मुद्दामच केला नाही. तुमच्या शिलाई मशीनभोवती सदा चार माणसं बसलेली, आणि तुमचं फोनवरचं बोलणं पार एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू जातं.

तुमच्या शेजारच्या महेंद्रदादांचं ते प्रकरण तुम्हाला ठाऊक आहेच. कंपनीचा टँकर ते चालवतात, आणि त्यातलं घाण काळं पाणी त्यांना त्यांच्याच वस्तीखालच्या ओढ्यात सोडायला लावतात. म्हणून त्यांनी मोबाईलवर फोटो काढले, शिरूरच्या कॅफेतून मला ईमेल केले, आणि आम्ही कॉलेजची पोरं इंटरनेटवर जो ग्रुप चालवतो त्यात मी ते टाकले. पुण्याच्या एका पेपरवाल्यानंही चौकशी केली. फोटो कुणी दिले हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

पण परवापासून माझं ईमेल उघडत नाही. कुणीतरी पासवर्ड बदललाय. दादांच्या सगळ्या मेल त्यातच आहेत, नावानिशी. पासवर्ड विसरला तर कॉम्प्युटर एक गुप्त प्रश्न विचारतो. मी लावलेला प्रश्न होता, आईचं जन्मगाव कोणतं? बरोबर उत्तर देईल तो आत. मी तर हे उत्तर कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे आमची चौकशी करत कुणी आलं होतं का? दादांना सावध करा, पण त्यांचा मोबाईल कंपनीचा आहे, त्यावर एक शब्द बोलू नका. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली तर काय करू, या विचारानं घास उतरत नाही.

मामींना सलाम. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
रुबी

केंदूर,
१५ नोव्हेंबर २००७

चि. रुबीस इनुसमामाची दुवा. पत्र पोचलं, घरीच वाचलं.

अगं येडे, उत्तर फोडायला कोण कशाला पायजे? दौंडात तुझ्या आईला खुर्शिद म्हणून वळखतं कोण? लगीन होऊन गेली तवापास्नं दूधवाला, भाजीवाली, आख्खी गल्ली तिला केंदूरवालीच म्हणत्यात. सासरी बाईला म्हायेरच्या गावानं हाक मारायची, ही रीत त्या कॉम्प्युटरला ठाव नसंल, पन तुला तर व्हती ना? दारात उभं राहून जे नाव दिवसभर ऐकतीस तेच कुलूप म्हणून लावलंस. शेंबडं पोरगंबी उघडंल. शिकल्याली माणसं कवा काय करतील, नेम न्हाई बघ.

महेंद्रला शर्टाच्या मापाला म्हणून बोलावलं आन् टेप लावता लावता कानात सांगितलं. गडी पांढराफटक पडला. पोरगी अजून अंगणवाडीत, घरात कमावता एकटा. गौतमीला, म्हंजी त्याच्या बायकूला, काय बोलू नगा म्हणाला. फोटोचं तिला ठावच न्हाई. टँकरमधी काय असतंय तेबी न्हाई. मला काय हे पटलं न्हाई, पन घर त्याचं, मी गप बसलो.

जेवत जा. आईला काळजी लावू नगंस. बोललो ते मनाला लावून घेऊ नगंस, बोलायला तू हायेस म्हणून बोललो.

तुझा,
इनुसमामा

दौंड,
१९ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप मामांना सलाम. वि. वि.

चपराक बसली. पत्र आईला वाचून दाखवलं, शेवटी तिला सगळं सांगावंच लागलं. ती आधी हसली, मग पदर डोळ्याला लावून आत गेली.

चोरानं तो प्रश्नही बदलला असेल असं धरून मी तिकडे वळलेच नव्हते, पण त्यानं तेवढी तसदी घेतली नव्हती. मीही 'केंदूर' लिहूनच परत आत शिरले. आता पासवर्ड आणि प्रश्न दोन्ही बदललेत, उत्तर तुम्हालाही सांगणार नाही. पण मामा, दादांच्या सगळ्या मेल कुणीतरी उघडून वाचल्यात. मी अजून न वाचलेली एक होती, तीही. तिच्यात टँकरचा नंबर होता आणि खाली त्यांचं पूर्ण नाव. वाचली की पुसून टाकायची, एवढं साधं मला सुचू नये? पुरावा म्हणून जपत बसले. स्वतःचाच इतका राग येतो की काय सांगू.

ग्रुपातली पोरं म्हणतात, पोलिसांत तक्रार दे. दिली तर चोरीला काय गेलं ते सांगावं लागणार, म्हणजे दादांचं नाव माझ्याच तोंडून जाणार. म्हणून गप्प आहे. कॅफेत शेजारी कुणी बसलं तरी मी उठून जाते. दादा कामावर जातात ना, तेवढं उलट टपाली कळवा.

माझ्यावरचा विश्वास अजून थोडा शिल्लक ठेवा.

रुबी

केंदूर,
२७ नोव्हेंबर २००७

चि. रुबीस दुवा. वि. वि.

ज्याची धास्ती व्हती तेच झालं. महेंद्रला आफिसात बोलावलं. त्याच्या मेलचे कागद टेबलावर मांडलेले. सायबानं चहा पाजला, गोड बोलला. फोटो खोटे हायेत, दौंडच्या पोरीनं फूस लावली, असं लिहून दे, नोकरी ऱ्हाईल. महेंद्रनं चहा पिला, टँकरची चावी कपाशेजारी ठेवली आन् चालत घरी आला.

तुला निरोप हाय त्याचा. म्हणतो, "फोटोला नाव न्हाई म्हणून ते खोटं म्हणत्यात. रुबीला म्हणावं, आता खाली माझं नाव घाल. टँकरचा डायवरच बोलतोय म्हणल्यावर काय करतील?"

पन गौतमीला हे समदं भाईरनं कळलं. दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपतुर भिताडाला टेकून बसली. मग एकच इचारलं, "सगळ्यांना ठाव हुतं, मामा, मलाच कसं न्हाई?"

तुझं तू बघ पोरी. काय केलंस तरी मामा तुझाच हाय.

इनुसमामा

दौंड,
१ डिसेंबर २००७

गौतमीवहिनींना रुबीचा सलाम. वि. वि.

आपली भेट नाही, तरी हे पत्र तुमच्याच नावानं पाठवते. दादांचं नाव माझ्या हलगर्जीपणानं फुटलं. माफी मागून नोकरी परत येत नाही, तरी मागते.

दादा म्हणतात, नाव टाक. मी मजकूर टाइप करून ठेवलाय, टाकलेला नाही. इंटरनेटवर नाव एकदा गेलं की परत काढता येत नाही. उद्या दादा दुसरीकडे नोकरीला गेले तर तिथला साहेबही ते वाचू शकेल. घर दादांचं तसं तुमचंही आहे, आणि तुम्हाला आजवर कुणीच विचारलं नाही. मी विचारते. तुम्ही नको म्हणालात तर नाव जाणार नाही, दादांची समजूत मी घालीन.

धाकटी म्हणून पदरात घ्या.

रुबी

केंदूर,
६ डिसेंबर २००७

रुबीताईंना गौतमीचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की तुमचं पत्र मिळालं. माझ्या नावानं आलेलं हे पैलंच. सातवीपतुर शिकले हाय, चुकलं तर समजून घ्या. वस्तीवरली मंडळी दादरला गेल्यात, हेबी गेल्यात, पोरीला ताप म्हणून मी मागं.

राग आला व्हता. तुमचा कमी, ह्यांचा लई. ओढा काळा पडला, हिरीला वास सुटला, पोरीच्या पायाला फोड आलं, तवा मी रोज शिव्या द्यायची. कोण मुडदा टँकर सोडतोय त्याचं हात झडतील म्हणायची. हे समोर बसून खाली मान घालून जेवायचं. एक दिस तोंड उघडून म्हणलं न्हाईत की मीच त्यो. आता कळलं त्यांना घास कसा जात आसंल ते. मी लई रडले, मग बोलले त्यांच्याशी.

नाव घाला. पन त्यांच्या एकट्याचं नगं, खाली माझंबी घाला. त्यांनी टँकर सोडला, मी त्या हिरीचं पाणी शेंदलं, दोघांचं मिळून खरं हुतंय. कुणाला खोटं वाटलं तर केंदूरला या म्हणावं. मी तांब्या भरून देते, माझ्यासमोर पिऊन दाखवा.

येणं झालं तर घरी या, आपलीच समजून.

गौतमी महेंद्र ओव्हाळ
(ताई, असंच पुरं लिवा.)